नळ्यांची पेज

२००३ सालच्या डिसेंबरात, दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी हे झालं. वार पक्का लक्षात आहे, कारण गुरुवारी मी कोंबडी खात नाही आणि ही आदल्याच दिवशी खाल्ली होती.

तेव्हा मी एटापल्लीला प्राथमिक शाळेत शिकवत होते. आमचं गाव ब्रह्मपुरीजवळ. माझे यजमान दादाजी तिथे धानाची शेती पाहायचे आणि मी बदलीच्या गावी एकटी. घरमालकाने एका लांब कौलारू घराच्या मधोमध कुडाची भिंत घालून दोन बिऱ्हाडं केली होती. अलीकडे मी, पलीकडे आफ्रीन. ती दवाखान्यात सिस्टर होती, वय चोवीस, तीही तिकडचीच, ब्रह्मपुरीची. तिचे वडील नूर मोहम्मद टीनाचं काम करायचे. पेट्या, पन्हाळी, धान्याच्या कोठ्या. माझ्या घरची कोठी त्यांच्याच हातची. त्या ओळखीवर तिच्या आईने, जमीलाने, मला सांगून ठेवलं होतं, "बाई, पोट्टीकडे जरा लक्ष असू द्या."

मी लक्ष ठेवत होते, म्हणजे येता-जाता "जेवलीस का गं?" म्हणून विचारायची. ती "हो बाई" म्हणायची. मला वाटायचं, झालं माझं काम.

आफ्रीनला ही नोकरी जिवापाड प्यारी होती. त्यांच्या मोहल्ल्यातली सरकारी नोकरीला लागलेली ती पहिली मुलगी. वर्षभरात ती गोंडीत "कुठे दुखतं, कधीपासून दुखतं" इतकं विचारायला शिकली होती. पाड्यांवरच्या बाया दवाखान्यात आल्या की मोठ्या सिस्टरला ओलांडून तिच्याकडे जायच्या. याचा तिला कोण अभिमान!

त्या वर्षी रमजान ईद नोव्हेंबरच्या शेवटी आली. ती ईदेला घरी गेली आणि जमीलाने तिला दारातच पाहून डोक्याला हात लावला. पोरगी वाळून काडी झालेली. खोदून विचारलं तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं की ड्युटीच्या दिवशी संध्याकाळी ती मुरमुरे आणि बिस्किटं खाऊन झोपते. मग काय विचारता! जमीला रडायला लागली. नूर मोहम्मदभाऊ म्हणाले, "सोड नोकरी. भुकं मारून सरकारची सेवा नाई करायची आपल्याले."

तेव्हा आफ्रीनने नोकरी वाचवायला एक थाप मारली. म्हणाली, "अब्बा, ते आधीचं होतं. आता मी अर्ध्या तासात पास्ता करते. कोंबडी, भाजी, सगळं त्यातच. पोट भरते. फैजनं शिकवलं मले."

फैज म्हणजे तिचा मोठा भाऊ. नागपूरच्या एका हॉटेलात भटारखान्यात कामाला होता. त्याने ईदेला पास्त्याची चार पाकिटं आणली होती, आणि कसं करायचं ते एका कागदावर लिहून दिलं होतं. शिकवणं म्हणजे एवढंच. आफ्रीनने पास्ता आयुष्यात केला नव्हता.

नूर मोहम्मदभाऊंनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मंग मी येतो खायले. सुटीच्या दिवशी नाई, ड्युटीच्या दिवशी. खरं निघालं तर राहा. नाई तर सकाळच्या गाडीनं सामान घेऊन माझ्यासंगं चल."

एटापल्लीला परत आल्यावर तिने हे सगळं मला कुडाच्या भिंतीशी उभं राहून सांगितलं. मी म्हटलं, "अगं, मग एकदा करून तरी पाहा."

"उद्या करते, बाई." पुढचे बारा दिवस ती हेच म्हणत होती.

त्या बुधवारी दुपारी साडेतीनला भाऊ उतरले. आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी, आष्टी, आलापल्ली असा सगळा रस्ता एसटीने हादरत आलेले, गळ्यात मफलर, आणि हातात बांबूचं टोपलं. टोपल्यात जिवंत कोंबडी.

"भाऊ, कोंबडी इथे मिळत नाही का?" मी विचारलं.

"मिळत असन. पण हिची वळख आहे मले." टोपलं त्यांनी अंगणात ठेवलं. "कोवळी आहे, अंड्यावर नाई आली अजून. लवकर शिजते. अर्धा घंटा म्हणते ना आमची लेक? घंटाभर लागला तर कोंबडीवर नाव नको यायले."

मग सहज म्हणावं तसं म्हणाले, "कंडक्टरले सांगून आलो, सकाळी समोरच्या दोन सीटा ठेव म्हणून."

दोन सीटा! माणूस ठरवूनच आला होता.

आफ्रीन पाचला सुटणार होती. चावी माझ्याकडे होती, म्हणून तिच्याच घरात मी त्यांच्यासाठी चहा केला. थंडी होती. त्यांनी आणखी एक कप मागितला. मग घरमालक बोलायला आले, त्यांनाही दिला. मग दवाखान्याच्या वाटेवरचे दोन ओळखीचे निघाले, भाऊंनी त्यांना हाक मारून बोलावलं, जसं काही हे त्यांचं ब्रह्मपुरीचं दुकानच. आमच्याकडे पाहुण्याला एक कप चहा देऊन थांबलं तर तो गावभर सांगत फिरतो. म्हणून मी करत गेले. दूध कोणत्या कामासाठी आणलं आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

आफ्रीन पाच वाजता धावतच आली. वडिलांना सलाम केला आणि लगेच कामाला लागली. एक वातीचा स्टो, एक कढई, एक गंज म्हणजे पातेलं, एवढाच तिचा संसार. ओट्यावर तिने गाजर, वाटाणे, फुलकोबी, कांदे, मिरच्या मांडल्या. भाऊंनी अंगणात बिस्मिल्ला करून कोंबडी कापली आणि साफ करून दिली. स्टोवर गंजात पाणी ठेवलं. फैजचा कागद खिडकीत अडकवला. मी माझ्या बाजूला जायला निघाले तेवढ्यात अंगणात कुणीतरी हाक मारली.

चैतू होता, दहा-बारा किलोमीटरवरच्या पाड्यावरचा. त्याच्या दिवस भरलेल्या बायकोला जीपमध्ये घालून दवाखान्यात आणलं होतं. "सिस्टरबाई, चाल ना! तिले लय तरास होऊन राह्यला. दुसरी सिस्टर नाई तिथी, सुटीवर गेली म्हणते."

आफ्रीनने वडिलांकडे पाहिलं, मग स्टोकडे पाहिलं. पाण्याला नुकते बुडबुडे यायला लागले होते. ती मला म्हणाली, "बाई, कागद तिथी आहे," आणि चप्पल घालून चैतूच्या मागे गेली.

गंजातलं पाणी खळखळून उकळायला लागलं.

"झालं," भाऊ म्हणाले. "परीक्षा आमच्या लेकीची, अन् लेक पळून गेली."

"पळून नाही गेली, भाऊ. कामाला गेली."

"मी का वेगळं म्हणून राह्यलो?" ते खुर्चीवरून उठले. "भूक तर लागली आहे, बाई. तुम्हाले येते का हे?"

"मी तर आज पहिल्यांदा पाहते आहे."

"मंग दोघं मिळून पाहू."

त्यांनी ओट्यावरचं पाकीट उचललं. उलटं केलं, सुलटं केलं. पाकीट बंद होतं. मग दुसरं पाहिलं, तिसरं, चौथं. चारही बंद. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीबाहेर पाहिलं. दाताने पाकीट फोडून एक नळी हातात घेतली.

"हे पाहा! दोन्ही टोकं तिरपी. अन् कापणी किती साफ, कुठी कंगोरा नाई. कोणत्या कातरीनं कापत असतीन?"

"भाऊ, ती पन्हाळ नाही, खायची वस्तू आहे."

"कारीगरी ते कारीगरी," असं म्हणून त्यांनी मूठभर नळ्या पाण्यात सोडल्या. मी म्हटलं, मुठीने काय होतं, आणि अख्खं पाकीट सोडलं.

कागदावर लिहिलं होतं, पास्ता उकळून पाणी काढून टाका. मग दुसऱ्या भांड्यात कोंबडी आणि भाज्या परता. तिसऱ्या भांड्यात लोणी, मैदा आणि दुधाचा घट्ट पांढरा रस्सा करा. शेवटी सगळं एकत्र करा. हॉटेलातल्या माणसाने लिहिलेलं. त्याला काय, तिथे भांडी घासायला वेगळा माणूस.

शिजलं की नाही हे कळायला आम्हाला एकच रीत ठाऊक, भाताची. भाऊंनी एक नळी काढून बोटांत दाबली. "कणी आहे अजून."

"मग काढू. पुन्हा रश्श्यात शिजेल."

मी गंजावर झाकण लावलं आणि फडक्याने धरून पाणी कढईत पेसलं. माझा हात चाळीस वर्षं भात पेसत आला होता, तो विचारून काम करत नाही. पाणी निथळलं तेव्हा कढईत पांढरट, दाटसर पाणी जमलेलं. ते पाहून भाऊंचे डोळे चमकले.

"पेज!"

"पेजच म्हणायची."

"मीठ टाका अन् द्या थोडी. थंडीची बरी."

आम्ही धानाच्या मुलखातली माणसं. पेज फेकणं आमच्याकडे पाप. आजारी माणसाला पेज, बाळंतिणीला पेज, शेतातून आलेल्याला पेज. कागदावर "काढून टाका" लिहिलं होतं खरं, पण टाकून देण्याचा विचार दोघांच्याही मनाला शिवला नाही. दोन कपांत घेऊन आम्ही मीठ घालून प्यालो.

"कशी आहे, भाऊ?"

त्यांनी तोंड वाकडं केलं. "भिजल्या पोळीचं धुवण." तरी कप रिकामा केला. उरलेली पेज मी तांब्यात काढून ठेवली. सकाळी भाकरीच्या पिठात कालवू म्हटलं.

मग कढईत तेल, कांदा, मिरच्या. मिरच्या भाऊंनी टाकल्या, मोजल्या नाहीत. त्यांनी कोंबडीचं मांस हाडांवरून सोडवून पट्ट्या केल्या होत्या, सगळ्या एका मापाच्या. गाजर आणि फुलकोबी मी चिरली. कोंबडीला रंग यायला लागला आणि स्टो फडफडून विझला. रॉकेल संपलेलं.

"तुमच्याकडं स्टो नाई का, बाई?"

"आहे ना. आणते."

माझा स्टो उचलून आणला तेव्हा त्यांनी विचारलं, "तुमचा सैपाक व्हायचा असन मंग?"

"माझा भात झाला मघाशीच. वरण आहे. मी रोज सहालाच जेवून घेते."

"अन् आफ्रीन?"

"ती येते तिच्या वेळेला. करून खाते काहीतरी."

"काय खाते?"

मी स्टोची वात वर करत राहिले. भाऊ कढई माझ्या स्टोवर ठेवत होते, माझ्याकडे पाहतही नव्हते.

"तुमचा भात सहाले होते. तिची ड्युटी कधी पाचले, कधी सातले सुटते. अन् ती इकडं मुरमुरे खाते. काऊन, बाई?"

"भाऊ, तुमचं खाणं वेगळं. हलालचं असतं. म्हटलं, तिला चालेल, न चालेल. विचारून कशाला अडचणीत टाका?"

"वरण-भातात काय हलाल असते, बाई?" ते हसले, पण हसताना मान हलवली. "तिले वाटलं असन, बाईले आपलं चालन की नाई. तुम्हाले वाटलं, तिले चालन की नाई. अन् मधात हे कुडाची भिंत. सिमेंटची तरी असती!"

मी सराट्याने कोंबडी उलथत राहिले. पन्नाशीची बाई, वर्गात पन्नास पोरांना रोज शहाणपण शिकवणारी, आणि कान असे गरम झाले की विचारू नका. जमीलाने मला लक्ष ठेवायला सांगितलं होतं. मी वर्षभर भिंतीपलीकडून "जेवलीस का?" विचारत होते. ताट वाढून एकदाही विचारलं नव्हतं.

"आता दूध द्या," भाऊ म्हणाले.

दुधाचं भांडं उघडलं. तळाला चार थेंब.

"दूध कुठी गेलं?"

"तुम्ही प्यालात, भाऊ."

"मी?"

"तीन कप. घरमालकांनी एक. मग ते दोघं आले. तुम्हीच हाक मारली त्यांना."

ते कपाळाला हात लावून ओट्याला टेकले. "या अल्ला. लेकीची नोकरी मी चहात पिऊन टाकली का?"

मला हसू आवरेना. मग तेही हसायला लागले. कढई खाली लागण्याच्या बेताला आली तेव्हा कुठे भान आलं. मी घरात जाऊन तुपासाठी साठवलेली साय आणली, वाटीभर, चार दिवसांची. साय घातली तरी कढई कोरडीच. मग तांब्यात पांढरं दिसत होतं ते उचललं आणि ओतलं. नळ्या टाकल्या, वाटाणे टाकले, झाकण ठेवलं. सारं एका कढईत. दुसरं भांडंच नव्हतं.

दहा मिनिटांनी झाकण काढलं तर पेज आणि साय मिळून असा रस्सा झालेला की चमच्याला धरून राहावा. मऊ, दाट, प्रत्येक नळीच्या आत शिरलेला. भाऊंनी चाखला. पुन्हा चाखला. मग मला म्हणाले, "फैजले लिहा, दूध-मैदा फुकट वापरू नका म्हणा हॉटेलात."

वर सांभार, म्हणजे कोथिंबीर, चिरून टाकला आणि आम्ही वाट पाहत बसलो. माझा भात तिकडे निवून गेला. मी जेवायला उठले नाही, आणि भाऊंनीही मला जा म्हटलं नाही.

साडेसातच्या सुमारास आफ्रीन आली. मुलगी झाली होती, आई-लेक ठणठणीत. मागे चैतू, तिला सोडायला आलेला. तो परत निघाला तर भाऊंनी त्याला बसवलं. आफ्रीन दारातच उभी होती. कढईकडे पाहून तिचा चेहरा उतरला.

"अब्बा, मी खोटं बोलली होती. मी कधीच नाई केला पास्ता."

"मले माहीत आहे. चारही पाकिटं बंद होती."

"मंग आता?"

"आता हात धू. खा."

त्यांनी तिला स्वतः वाढलं, मग चैतूला, मग मला. मी कढईतलं घेऊन आफ्रीनच्या शेजारी बसले. तिने माझ्या ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि थोडी सरकून जागा केली. मिरच्यांनी सगळ्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं. चैतूने एक नळी उचलून उजेडात धरली. "हे कोणत्या झाडाले लागते, बाई?" आणि भाऊ म्हणाले, "मशिनीच्या." तिघांनी दोन-दोनदा घेतलं. आफ्रीनने तीनदा. शेवटी कढई पुसून खाल्ली.

चैतू गेल्यावर तिने विचारलं, "अब्बा, सकाळी मी सामान बांधू का?"

भाऊ पाणी प्याले. "मी तुझ्या हाताचा सैपाक पाहायले आलो होतो. पण त्या पोराची हाक आली अन् तू गेली. एकदा मागं पाहिलं, पण गेली. ते पाहून मले वाटलं, हिले नेऊन मी ब्रह्मपुरीत काय करू? पेट्या रंगवायले लावू? पण उपाशी नाई ठेवणार मी. चूल एक होईन तर राहा. दोन राहतीन तर चल. बाई, तुम्ही सांगा," ते माझ्याकडे वळून म्हणाले.

"एकच राहील," मी म्हटलं. "आजपासून."

"तुम्हाले चालन?"

"मला चालेल की नाही हे तुम्ही वर्षभरापूर्वी विचारायला पाहिजे होतं, भाऊ."

"अन् तुम्ही तिले," ते म्हणाले.

सकाळच्या गाडीला आम्ही दोघी त्यांना सोडायला गेलो. कंडक्टरने समोरच्या दोन सीटा खरंच राखल्या होत्या. भाऊ एकीवर बसले, आणि दुसरीवर एका म्हातारीला बोलावून बसवलं.

त्यानंतर जिला घरी आधी यायला मिळेल तिने स्टो पेटवायचा असं ठरलं. बहुतेक दिवस वरण-भात, कधी भाजी-भाकर, आणि आठवड्यातून एकदा, आफ्रीनची ड्युटी लांबली की, नळ्या. पुढच्या वेळी तीच म्हणाली, "बाई, पेज काढायची अन् परत तिथीच ओतायची, तर काढायची काऊन?" तेव्हापासून आम्ही कोंबडी आणि भाज्या परतून त्यातच पाणी आणि कच्च्या नळ्या टाकायला लागलो. शेवटी साय. अर्धा तास, एक कढई. तिची थाप शेवटी खरी झाली. दादाजी एकदा आले होते, त्यांनी चव पाहून विचारलं, "भात कुठे आहे?"

आता वीस वर्षांवर होऊन गेली. आफ्रीनची २००८ साली कुरखेड्याला बदली झाली. तिथल्याच एका शिक्षकाशी तिचं लग्न झालं, दोन मुलगे आहेत, आणि आता ती स्वतः मोठी सिस्टर आहे. फैजने नागपूर सोडून ब्रह्मपुरीत बसस्टँडजवळ लहानसं हॉटेल काढलं. चालतं बरं. नूर मोहम्मदभाऊंचं दुकान प्लास्टिकच्या टाक्या आल्यावर थंडावलं, पण त्यांनी कातर काही सोडली नाही. २०१७ च्या पावसाळ्यात गेले, दोनच दिवस आजारी होते. दादाजी त्यांच्याआधी वर्षभर गेले. चैतूची ती मुलगी आश्रमशाळेत बारावी झाली आणि गडचिरोलीला नर्सिंग शिकली. मी २०११ ला निवृत्त होऊन ब्रह्मपुरीत राहायला आले. गुडघे बोलतात, डोळे अजून बरे आहेत. जमीला माझ्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे राहते, ऐंशी ओलांडली. दर शुक्रवारी दुपारी काठी टेकत येते, पाय पसरून बसते आणि सूनबाईची तक्रार सांगते. मी ऐकते. मग आम्ही दोघी एक झोप काढतो.